घाटापलीकडच्या विजा आणि त्यांच्या वरचा तांबडा उजेड

वादळी ढगातून एखादी जबर वीज जमिनीवर पडली की कधी कधी त्या ढगाच्या कितीतरी वर, जमिनीपासून ५० ते ९० किलोमीटर उंचीवर, तांबडा उजेड लखकन चमकून जातो. त्याला स्प्राइट म्हणतात. सेकंदाचे काही हजारावे भाग, फार तर काही शतांश, एवढाच काळ तो टिकतो. मी गोव्यातल्या साखळी गावात उच्च माध्यमिकच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवते आणि गेली काही वर्षं उन्हाळ्याच्या शेवटी आणि परतीच्या पावसात या स्प्राइटच्या मागावर असते. फोटो दाखवला की लोक विचारतात, काढलात कसा? पण फोटो निघणं ही अर्धीच गोष्ट. तो उजेड नेमका किती वाजता दिसला, कुठल्या दिशेला, किती उंचीवर आणि कुठल्या विजेमुळे, हे सांगता आलं तर ती नोंद. नाहीतर नुसतं सुंदर चित्र. ते उरलेलं अर्धं काम कसं जमत गेलं, ते लिहिते आहे.

आधी हे घडतं का, ते सांगायला हवं, कारण कॅमेरा कुठे रोखायचा ते त्यावरच ठरतं. जमिनीलगतच्या हवेत ठिणगी पडायला मीटरला सुमारे ३० लाख व्होल्ट इतकं विद्युत क्षेत्र लागतं. वर जावं तशी हवा विरळ होते. ७५ किलोमीटरवर तिची घनता इथल्या तीस हजाराव्या हिश्श्याएवढी उरते आणि ठिणगीला लागणारं क्षेत्रही त्याच प्रमाणात उतरतं. म्हणजे मीटरला साधारण शंभर व्होल्ट. निरभ्र दिवशी आपण अंगणात उभे असतो तेव्हा आपल्याभोवती जवळजवळ एवढंच क्षेत्र असतं! वर्गात हा हिशेब फळ्यावर मांडला की मुलं पुन्हा एकदा शून्यं मोजतात.

ढगातला भार विजेने एकाएकी जमिनीवर उतरला की वरच्या आकाशातलं क्षेत्र अचानक बदलतं. हा परिणाम उंचीच्या घनाच्या प्रमाणात घटत जातो, पण ठिणगीला लागणारं क्षेत्र त्याहून झपाट्याने घटतं. त्यामुळे कुठेतरी वर ही दोन्ही गणितं एकमेकांना छेदतात आणि तिथे हवा पेटते. स्कॉटिश शास्त्रज्ञ सी. टी. आर. विल्सन यांनी हे १९२५ मध्येच मांडून ठेवलं होतं. मेघकोष्ठीसाठी, म्हणजे सूक्ष्म कणांच्या वाटा दाखवणाऱ्या उपकरणासाठी, १९२७ चं नोबेल मिळालेले तेच हे विल्सन. सगळं खरं तर त्या ‘एकाएकी’ या शब्दात आहे. वरची हवा थोडीफार विद्युतवाहक असते. ढगातला भार सावकाश बदलला तर तिथले भार सरकून परिणाम पुसून टाकतात. वीज त्यांना तेवढी सवड देत नाही.

विल्सन यांच्या कल्पनेचा पुरावा मिळायला १९८९ उजाडलं. त्या वर्षी ६ जुलैच्या रात्री अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाचे जॉन विंकलर आणि त्यांचे सहकारी अग्निबाणाच्या प्रयोगासाठी आणलेला, मंद प्रकाशात चालणारा कॅमेरा तपासून पाहत होते. त्याच्या फितीत लांबच्या वादळावर उजेडाचे दोन खांब सापडले. १९९४ मध्ये अलास्का विद्यापीठाच्या विमानांतून रंगीत चित्रण झालं आणि रंग तांबडा आहे हे कळलं. तो रंग नायट्रोजनच्या रेणूंचा. माझ्या मुलांना मात्र यातली दुसरीच गोष्ट लक्षात राहते. कल्पना चावला ज्या शेवटच्या मोहिमेवर होत्या, त्या कोलंबिया यानावरून जानेवारी २००३ मध्ये इस्रायली प्रयोगाच्या कॅमेऱ्याने स्प्राइटचं चित्रण झालं होतं. बरंचसं चित्रण यान परतण्याआधीच पृथ्वीवर पाठवलेलं होतं, म्हणून ते वाचलं.

आता गोव्याचं. स्प्राइट पाहायचा तर वादळापासून लांब राहावं लागतं. वादळाखाली उभं राहिलं तर वर नुसता ढग. दोनशे-तीनशे किलोमीटरवरचं वादळ आणि आपल्या डोक्यावर मोकळं आकाश, ही जोडी हवी. आमच्याकडे पूर्वेला सह्याद्री आहे आणि त्यापलीकडे गदग, कोप्पळ, बागलकोट, बळ्ळारी हा सगळा पठारी मुलूख. एप्रिल-मे महिन्यांत तिथे दुपारनंतर वळवाचे ढग उभे राहतात आणि रात्र होईपर्यंत एकमेकांत मिसळून पसरतात. २४० किलोमीटरवरच्या, पंधरा किलोमीटर उंच ढगाचा माथा साखळीहून पाहिला तर क्षितिजावर जेमतेम अडीच अंश वर येतो, म्हणजे घाटाच्या रेषेवर डोकावण्यापुरता. ७० किलोमीटर उंचीवरचा स्प्राइट मात्र पंधरा अंशांवर दिसतो. म्हणजे घाट आड येत नाही. उलट विजेचा डोळे दिपवणारा भाग झाकून ठेवायला तो उपयोगीच पडतो.

जून ते सप्टेंबर काही करता येत नाही. आकाश सदा झाकलेलं, आणि ऐन मोसमी पावसाच्या ढगांत विजाही थोड्याच. मग एकदम ऑक्टोबर. वर्षातले हातात येणारे आठवडे इतके थोडे, आणि त्यातून चंद्र वगळायचा. शुक्ल पक्षाचा उत्तरार्ध तर मी सरळ सोडून देते.

जागेसाठी मी बरीच फिरले. घराची गच्ची बाजारपेठेच्या दिव्यांमुळे बाद झाली. अखेर ओळखीच्यांच्या काजूच्या बागेवरचा एक सडा मिळाला. जांभा दगडाचं सपाट पठार, डाव्या हाताला वाघेरीचा डोंगर, समोर घाट. बागेच्या राखणदाराला मी पहिल्यांदा तिपाई लावताना दिसले तेव्हा हुर्राकाचा, म्हणजे काजूच्या बोंडांच्या दारूचा, हंगाम उलटून गेला होता आणि त्यालाही गप्पांना सवड होती. घाटामागे वीज लखलखत होती आणि माझा कॅमेरा त्याच्या बराच वर, ताऱ्यांकडे रोखलेला. तो म्हणाला, “बाई, वीज सकयल, आनी तुमचो कॅमेरो वयर कित्याक?” त्याला मी वर लिहिलेलं सगळं कोकणीत समजावून सांगितलं. ते सांगताना माझ्या लक्षात आलं की पुस्तकातल्या शब्दांशिवायही हे नीट सांगता येतं. तेव्हापासून वर्गातही मी असंच शिकवते.

साहित्य फार नाही. मंद प्रकाशात चांगला चालणारा फुल-फ्रेम मिररलेस कॅमेरा, ३५ मिलिमीटरची एफ १.८ लेन्स, व्हिडिओ सेकंदाला २५ चौकटी, शटर एक पंचविसांश सेकंद, आयएसओ बारा हजारांच्या आसपास. फोकस एखाद्या ठळक ताऱ्यावर हाताने बसवायचा आणि रिंगवर चिकटपट्टी लावून टाकायची. मे महिन्यात आमच्याकडे हवेत इतकं बाष्प असतं की रात्री दहानंतर लेन्सवर धुकं धरतं. त्यासाठी लेन्सभोवती गुंडाळायचा पॉवर बँकेवर चालणारा गरम पट्टा घेतला. पैसे खर्च करावेत अशी कॅमेऱ्याव्यतिरिक्त ही एकच वस्तू, असं माझं मत आहे.

आणि एक जुना ट्रान्झिस्टर. हा सगळ्यांत कामाचा. मीडियम वेव्हवर स्टेशन नसलेल्या जागी काटा ठेवला की दूरच्या प्रत्येक जोरदार विजेची खरखर ऐकू येते. ट्रान्झिस्टर कॅमेऱ्याच्या माइकजवळ ठेवायचा. चित्राची एक चौकट ४० मिलिसेकंदांची, त्यापेक्षा बारीक वेळ चित्रातून काढता येत नाही. पण आवाज सेकंदाला ४८ हजार वेळा नोंदला जातो. विजेच्या रेडिओलहरी प्रकाशाच्या वेगाने येतात, म्हणून ती खरखर म्हणजे वीज पडल्याच्या क्षणाचा शिक्काच. घरी आल्यावर ध्वनिपट्टी उघडली की आधी खरखरीचा उभा टोकदार सुळका दिसतो आणि त्याच चौकटीत किंवा पुढच्या एक-दोन चौकटींत तांबडा उजेड. हे पहिल्यांदा समोर आलं तेव्हा मी यजमानांना झोपेतून उठवून दाखवलं होतं.

वेळेचं काम इथेच संपत नाही. कॅमेऱ्यातलं घड्याळ रोज थोडं पुढे-मागे सरकतं. म्हणून चित्रणाच्या सुरुवातीला आणि शेवटी मोबाइलवरचं जीपीएसशी जुळवलेलं घड्याळ लेन्ससमोर धरून त्याचं चित्रण करते. दोन्ही टोकांचा फरक मिळाला की मधल्या कुठल्याही चौकटीची वेळ काढता येते. कंटाळवाणं आहे, पण याशिवाय पुढचं सगळं व्यर्थ. १९ मे २०२२ च्या रात्री दोन चिनी छायाचित्रकारांनी तिबेटच्या पठाराच्या दक्षिण भागातून एकाच वादळावरचे १०५ स्प्राइट टिपले. वादळ गंगेच्या मैदानापासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत पसरलेलं होतं. त्या चित्रणाला अचूक वेळ नव्हती. संशोधकांनी चौकटीतून गेलेले उपग्रह आणि ताऱ्यांच्या जागा यांवरून ती शोधून काढली, तेव्हा कुठे बऱ्याच स्प्राइटना त्यांची मूळ वीज मिळाली. मी ते वाचलं तेव्हा माझ्या मोबाइलच्या घड्याळाबद्दलचा आळस कायमचा गेला.

सड्यावर गेल्यावर पहिलं काम सुरक्षिततेचं. उघड्या जांभ्यावर आपणच सगळ्यांत उंच, आणि बाजूला धातूची तिपाई. मोबाइलवर पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजांचा इशारा देणारं दामिनी ॲप उघडं असतं. लांबच्या वादळाकडे बघताना डोक्यामागे एखादा ढग वाढतो आहे का, हे दर थोड्या वेळाने वळून पाहायचं. गडगडाट ऐकू आला की संपलं. गडगडाट साधारण पंधरा-वीस किलोमीटरपलीकडून ऐकू येत नाही, म्हणजे ऐकू आला तर आपण विजेच्या टप्प्यात आहोत. कॅमेरा तसाच सोडून गाडीत बसायचं, काचा वर, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास खाली उतरायचं नाही. यात मी कुणाचंही ऐकत नाही. मुलं सोबत यायचा हट्ट करतात, पण त्यांना मी सड्यावर नेत नाही. चित्रण दुसऱ्या दिवशी शाळेत पाहायचं.

सुरुवातीला वाटायचं, विजा जास्त तेव्हा स्प्राइट जास्त. तसं नसतं. बहुतेक स्प्राइट धनभार जमिनीवर उतरवणाऱ्या विजांमुळे होतात, आणि जमिनीवर पडणाऱ्या दहा विजांत अशी साधारण एक. त्यातूनही फार मोठा भार उतरवणारी हवी. अशा विजा वादळाच्या तरण्या, उसळत्या भागात कमी आणि मागे पसरलेल्या, संथ पावसाच्या चादरीत जास्त. म्हणजे नऊ वाजताचा लखलखाट ओसरतो, वीज मिनिट-दोन मिनिटांनी एखादीच पडते आणि रेडिओवर लांबट, जड खरखर येऊ लागते, तेव्हा खरी वेळ सुरू होते. बरेच जण नेमकं याच वेळी सामान आवरतात.

पहिला स्प्राइट मिळाला तो मेच्या शेवटच्या आठवड्यात, रात्री अकराच्या सुमारास. डोळ्यांना काहीच दिसलं नव्हतं. अंधारात आपल्या डोळ्यांना तांबडा रंग फार कमी कळतो, आणि हा उजेड पापणी लवण्याआत संपलेला असतो. घरी चित्रण संगणकावर घातलं. चौकटीत अचानक उजळलेले ठिपके शोधणारं सॉफ्टवेअर आहे, पण ते विमानं, उल्का आणि काजवे यांनाही धरतं. मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून विमानं वाढली आहेत, आणि पावसाच्या तोंडावर बागेत काजव्यांचा तर सुकाळ. काजवा पिवळसर हिरवा असतो, अनेक चौकटींत सरकत जातो. विमान लुकलुकत जातं. हे सगळं बाजूला करत करत एका चौकटीवर हात थांबला.

श्रवणाचा तारा आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे दोन मंद तारे, ही ओळखीची तिकडी. त्यांच्या जरा उजवीकडे तीन तांबडे झोत, मधला मोठा. वरचा भाग पसरट आणि ठळक, माथ्याला पुसट तांबडी प्रभा. खाली मात्र बारीक बारीक तंतू लोंबत आलेले, वडाच्या पारंब्यांसारखे, आणि खाली येता येता त्यांचा तांबडेपणा जांभळ्याकडे झुकलेला. खाली हवा दाट होते आणि नायट्रोजनचा निळा उजेड त्यात मिसळतो, म्हणून तसं. आधीच्या चौकटीत तिथे काही नाही. पुढच्या चौकटीत मधल्या झोताचा ओसरता डाग. त्यापुढे पुन्हा फक्त तारे. घाटाच्या रेषेवर, त्याच चौकटीत, ढगाच्या माथ्याचा पांढरट पट्टा उजळलेला. मी ती चौकट मोठी करून किती वेळ पाहत बसले होते कुणास ठाऊक.

मग हिशेब. चौकटीतले ओळखीचे तारे घ्यायचे, त्या क्षणी त्यांचे दिगंश (दिशेचा कोन) आणि उन्नतांश (क्षितिजापासून वरचा कोन) किती हे काढायचं आणि त्यावरून चौकटीतल्या कुठल्याही बिंदूची दिशा ठरवायची. पारंब्यांची टोकं १० अंशांवर, माथा १९ अंशांवर आला. ब्लिट्झोर्टुंग हे हौशी लोकांनी आपापल्या घरी उपकरणं बसवून उभारलेलं विजांचं जाळं आहे. त्यावर त्याच सेकंदाला, माझ्या दिशारेषेच्या अगदी जवळ, कोप्पळच्या बाजूला सुमारे २४० किलोमीटरवर एक वीज नोंदलेली होती. पृथ्वीची वक्रता धरून आकडेमोड केली. खालचं टोक ४७ किलोमीटर, वरचं ८८ किलोमीटर. जगभरच्या निरीक्षणांत जे येतं तेच इथल्या सड्यावरून आलं. वर्गातल्या मुलींकडून वहीत हेच गणित पुन्हा करून घेतलं आणि एकीने वक्रता न धरता उत्तर काढून माझ्यासमोर ठेवलं. तिचा आकडा काही किलोमीटर कमी होता आणि तो का कमी, यावर एक अख्खा तास रंगला.

पण या आकड्यात एक अडचण दडलेली असते. स्प्राइट मूळ विजेच्या बरोबर डोक्यावरच होतो असं नाही; तो ४०-५० किलोमीटर बाजूलाही असू शकतो. तो माझ्या बाजूला ३० किलोमीटर सरकलेला असेल तर ८८ चे ७७ होतात, पलीकडे सरकलेला असेल तर १००. एका ठिकाणाहून पाहून यापेक्षा जास्त छातीठोक सांगता येत नाही. दुसरा डोळा हवा, आणि तो पुरेसा लांब हवा.

माझा आतेभाऊ पन्हाळ्याला असतो. साखळीपासून पन्हाळा सरळ रेषेत १४० किलोमीटर उत्तरेला. कोप्पळचं वादळ त्याला आग्नेयेला दिसतं, मला पूर्वेला. दोन रेषांमध्ये तीस अंशांहून जास्त कोन मिळतो. त्याला लग्नकार्यांचे फोटो काढायची सवय, कॅमेरा होता, पण ताऱ्यांची ओळख नव्हती. पहिल्या रात्री फोनवरून शिकवणी झाली. “ताई, तुझा श्रवण मला चौकटीत दिसतच नाही.” दिसणार कसा? त्याच्या चौकटीत पूर्वाषाढा होती. एकच वादळ, पण मागचे तारे वेगळे, आणि नेमकं तेच आम्हाला हवं होतं. आता तो नक्षत्रं माझ्याइतकीच ओळखतो, आणि रात्री फोटोसाठी गडावर येणाऱ्या पोरांना जीपीएसचं घड्याळ कसं धरायचं ते दाखवतो.

दोघांचं आकाश एकाच रात्री मोकळं असणं फार कठीण. तो मोकळा तर माझ्याकडे समुद्रावरून ढग, मी मोकळी तर त्याच्याकडे पाऊस. तरी पुढच्या उन्हाळ्यात जुळलं. दोन्ही ध्वनिपट्ट्यांवर तीच खरखर, दोन्ही चित्रणांत तोच उजेड. माझ्याकडे दोन झोत दिसत होते, त्याच्याकडे एकामागे एक येऊन एकच. नकाशावर दोन्ही रेषा ओढल्या तेव्हा त्या मूळ विजेच्या ठिकाणापासून वीसेक किलोमीटर पूर्वेला छेदल्या. माथ्याची उंची ८६ किलोमीटर आली, आणि या वेळी ती विजेच्या जागेवर भरवसा न ठेवता आलेली होती. तो आकडा मी कुणालाही ठामपणे सांगू शकते.

राहिला समुद्र. ऑक्टोबरात अरबी समुद्रावर रात्री उशिरा वादळं उभी राहतात. त्यांच्यासाठी मी दक्षिण गोव्यात, काणकोणात काब-द-रामच्या किनाऱ्याकडे जाते. तिथे क्षितिजावर ट्रॉलरचे दिवे असतात, पण वरचं आकाश चांगलं काळं आहे. पश्चिमेच्या वादळांना पन्हाळा उपयोगाचा नाही, घाटावरून समुद्राचं क्षितिज धुरकट दिसतं. मालवण किंवा देवगडच्या किनाऱ्यावर कुणी असेल तर काब-द-रामपासून शंभर किलोमीटरहून जास्त अंतर पडतं आणि कोन उत्तम बसतो. पश्चिमेचं मोकळं क्षितिज, रात्री बाराएकपर्यंत थांबायची तयारी, जवळ निवाऱ्याला गाडी किंवा पक्कं घर, एवढं पुरे. कॅमेरा भारी नसला तरी चालेल, तारे दिसले म्हणजे झालं. ताऱ्यांची ओळख आणि आकडेमोड मी शिकवेन. वेळ मात्र जीपीएसशी जुळवलेली हवी.